मोठी लेन्स खाली ठेवल्यावर

माझ्या आत्याला मैदानावर सगळे ‘तोफ’ म्हणत. ती एका दैनिकात खेळांचे फोटो काढायची आणि ऑफिसची एकुलती एक मोठी टेलिलेन्स तिच्याकडे असायची. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, तोंडाशी बशीएवढी रुंद, कॅमेऱ्यासकट सहा किलोंच्या घरात. मैदानाच्या पार पलीकडच्या खेळाडूच्या भुवईवरचा घाम तिच्यातून दिसायचा.

ती लेन्स आत्याला सुखासुखी मिळाली नव्हती. पहिली सहा वर्षं तिच्या वाट्याला बक्षीस समारंभ आणि फिती कापणं एवढंच आलं. मोठे सामने पुरुषांकडे. “तुला ते धूड पेलायचं नाही,” असं तिला सांगण्यात आलं होतं. एक दिवस तिने ते धूड कपाटातून काढलं, डोळ्याला लावलं आणि फोटो विभागाच्या साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“किती वेळ धरू? तुम्ही जेवून या हवं तर.”

साहेब जेवायला गेले नाहीत, पण पुढच्या रविवारचा फुटबॉल सामना तिला मिळाला. त्यानंतर पंचवीस वर्षं गोलच्या मागे डाव्या कोपऱ्यात तिची जागा ठरलेली असे. तिथे दुसरं कुणी बसायची छाती करत नसे.

आत्याने लग्न केलं नाही. ती आमच्याबरोबरच राहायची. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी ती आरशासमोर कंगवा धरून नुसतीच उभी होती. उजवा हात छातीच्या वर जाईना. आईने तिच्या हातातून कंगवा घेतला आणि तिची वेणी घातली. आत्याने ती घालू दिली, तेव्हाच आम्हाला कळलं की प्रकरण साधं नाही.

डॉक्टर म्हणाले, खांद्यातला स्नायू फाटलाय. “काय उचलता तुम्ही?”

“कॅमेरा.”

“कॅमेऱ्याने असं होत नाही हो, बाई.”

तिने मोबाइलवर लेन्सचा फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. मग ऑपरेशन झालं, पाच महिने व्यायाम झाले, आणि शेवटी ताकीद मिळाली: एक किलोच्या वर काही उचलायचं नाही. आता नाही आणि नंतरही नाही.

साहेबांनी तिला ऑफिसात बसून फोटो निवडायचं काम देऊ केलं. “दुसऱ्यांनी काढलेले फोटो मी कापत बसू?” एवढं बोलून ती घरी आली आणि चार दिवसांनी एक छोटा कॅमेरा घेऊन आली. सोबत दोन लेन्स, एक मुठीएवढी आणि एक त्याहून जराशी मोठी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवून पाहिलं. पाऊण किलो भरलं.

“ताई, हे खरं आहे की खेळण्यातलं?” बाबांनी विचारलं.

“तुझ्यासारखंच आहे,” आत्या म्हणाली. “दिसायला लहान, पण चालतं.”

पहिल्या सामन्याला ती नेहमीच्या कोपऱ्यात बसली. शेजारचे फोटोग्राफर तिच्या हाताकडे बघून हसले. एकाने विचारलं, “काय, सहलीला का?” तिने दीड तास फोटो काढले. साहेबांनी ते पडद्यावर मोठे करून पाहिले आणि म्हणाले, “बावीस मुंग्या आहेत.” दुसऱ्या दिवशी अंकात बाहेरून मागवलेला फोटो लागला.

त्या संध्याकाळी ती बूट न काढताच खुर्चीत बसून होती.

“दुखतंय का हो, ताई?” आईने विचारलं.

“नाही गं. आज काहीच दुखत नाहीये. तेच सोसत नाहीये.”

पुढच्या सामन्याला ती त्या कोपऱ्यात गेलीच नाही. दोन तास आधी पोचली आणि आमच्या शहराच्या संघाच्या खोलीबाहेर उभी राहिली. तिथे जर्सी मोजणारा माणूस होता, घोट्यांना पट्ट्या बांधणारा फिजिओ होता, आणि कधीच मैदानात न उतरवला जाणारा एक राखीव खेळाडू होता. सामना सुरू झाला की तो प्रत्येक पासला बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायचा. आत्याने त्याचे नुसते पाय टिपले. साहेबांनी फोटो छापला, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा.

खेळाडू तिच्याशी बोलू लागले, तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मला ती म्हणाली, “इतकी वर्षं त्यांना माझा चेहराच माहीत नव्हता. त्यांना दिसायची ती नळी. मी त्यांना जवळून पाहत होते, पण जवळ कधी गेले नव्हते.”

मग अंतिम सामना आला. शेवटच्या मिनिटाला साधा, जमिनीवरून आलेला चेंडू त्याच संघाच्या गोलकीपरच्या हातांतून निसटला आणि संघ हरला. गोलकीपर आधी गोलच्या खांबापाशी बसून रडला, मग उठून आत गेला. आत्या आतल्या अरुंद वाटेवरच होती. तो तिच्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभा राहिला. तिने कॅमेरा उचलला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

तिने कॅमेरा खाली घेतला. जवळच एक बाक होता.

“बसतोस?” तिने विचारलं.

दोघं बसले.  पंधरा मिनिटांनी त्याला आतून हाक आली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी इतर सगळ्या दैनिकांत त्याचा खांबापाशी रडतानाचा फोटो होता, लांबून घेतलेला, एकेक अश्रू दिसेल असा. साहेबांनी ते सगळे अंक टेबलावर पसरले होते.

“तू दोन हातांवर होतीस!”

“होते.”

“मग?”

“तो नको म्हणाला.”

“बाकीच्यांना काय हो म्हणाला होता?”

“त्यांना विचारावं लागलं नाही,” आत्या म्हणाली. “मलाही पंचवीस वर्षं लागलं नव्हतं.”

साहेबांनी तिला तीन आठवडे एकही सामना दिला नाही. ती रोज ऑफिसात जायची, कामाची वही बघायची आणि चहा पिऊन परत यायची. घरी विषय काढला की उठून भांडी लावायला घ्यायची, तीही डाव्या हाताने. आपण चूक केली असं तिला वाटत होतं का, मला माहीत नाही. तिने ते कधी सांगितलं नाही.

चौथ्या आठवड्यात गोलकीपरचा ऑफिसात फोन आला. सोमवारपासून तो पुन्हा सरावाला उतरणार होता. “त्या छोट्या कॅमेऱ्यावाल्या बाई आल्या तर चालतील. दुसरं कुणी नको.”

आत्या आठवडाभर रोज सकाळी गेली. प्रशिक्षक सहा पावलांवरून जमिनीलगत चेंडू फेकत होता. तसाच चेंडू, तीच बाजू, दिवसाला दोनशे वेळा. तिने त्याचे सोललेले कोपर टिपले, बोटांच्या पट्ट्या टिपल्या, आणि गुरुवारी एक चेंडू पुन्हा सुटल्यावर तो स्वतःशीच हसला, तेही टिपलं. गोलच्या आत, त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून. साहेबांनी सगळे फोटो दोनदा पाहिले, चष्मा पुसला आणि विचारलं, “अर्धं पान पुरेल?”

पुढे दर शनिवारी ते अर्धं पान तिचंच झालं. मोठी लेन्स विभागात नव्याने आलेल्या एका मुलीला मिळाली. आत्याने तिला दोन दिवस शिकवलं: वजन लेन्सखाली लावायच्या काठीवर टाकायचं, खांद्यावर नाही, बाजू बदलत राहायची, दुखलं की त्याच दिवशी सांगायचं.

मी विचारलं, “तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. चांगली लेन्स आहे ती. सामन्याला तीच लागते. माझ्याकडून आता होत नाही, एवढंच.”

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. सध्या तिच्या डोक्यात पोहण्याच्या तलावावरचा सकाळचा वर्ग आहे. साठीनंतर पोहायला शिकणाऱ्यांचा. पहिल्याच दिवशी ती कॅमेरा घेऊन काठावर उभी राहिली, तेव्हा कमरेला फुगा बांधलेल्या एका आजोबांनी पाण्यातून हात केला.

“फोटो काढायचेत ना? मग आधी तुम्ही उतरा. तोवर आम्ही नाही हसणार.”

आता ती आठवड्यातून तीनदा पोहायला जाते. काठ सोडून अडीच हात पुढे जाते आणि परत येते. फोटो अजून एकही काढलेला नाही.