मालनबाईंच्या फोटोखालचे शब्द

मलकपेठेत कुलदीपच्या हॉलमध्ये एका भिंतीवर बारा महिने पांढरा पडदा टांगलेला असे. पाहुण्यांना वाटे, घरात रंगकाम चाललंय. त्या पडद्यापुढे त्याची बायको निशिगंधा कधी डॉक्टर होई, कधी बँकेतली बाई, कधी मधुमेहाची पेशंट. हे फोटो कुलदीप इंटरनेटवरच्या एका फोटोबाजारात टाकी. ज्याला हवा तो विकत घेई आणि हवा तिथे छापी. एकदा सिकंदराबादेत दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर निशिगंधा गाल धरून उभी सापडली, तेव्हा दोघं भर रस्त्यात पोट धरून हसली होती.

पण हसून किती दिवस निभणार? हस्तांदोलन, लॅपटॉप, वाटीतली हळद, आणि पुन्हा हस्तांदोलन. माणसांचे चेहरे टिपायचे म्हणून ज्याने कॅमेरा हातात घेतला, त्याने सकाळपासून बायकोला 'दात दिसू देत' म्हणत बसावं, याचा कुलदीपला संताप येई. आणि तो काढणार कुणावर? घर त्याच हळदीवर चाललं होतं.

म्हणून गुरुवार त्याने स्वतःसाठी राखला होता. गुरुवारी तो बेगम बाजारात मिरचीच्या एका गोदामात जाई. तिथे बायका ठसके खात मिरच्यांची देठं खुडत बसत. सहा वर्षं तो त्यांचे फोटो काढत होता आणि त्यातला एकही त्याने फोटोबाजारात नेला नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात हट्टाने पाळली होती.

त्या बायकांत मालनबाई सगळ्यांत थोरल्या. नांदेडकडून लग्न होऊन आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि तोंडाने भलत्या फटकळ. मिरचीचे हात डोळ्यांना लावायची सोय नसते, म्हणून पाणी आलं की त्या मान वळवून डोळे खांद्याला पुसत. तोच क्षण कुलदीपला सापडला होता. मिटलेले डोळे, ओला गाल, खांद्यावरचा लाल झालेला पदर. त्या दिवशी सवयीने त्याने खिशातला छापील कागद पुढे केला.

"काय लिहिलंय ह्यात?" मालनबाईंनी विचारलं.

"तुमची हरकत नाही एवढंच, मावशी."

कागदावर आणखीही पुष्कळ काही होतं, पण ते इंग्रजीत होतं. मालनबाईंनी जपून, एकेक अक्षर जोडत सही केली.

गेल्या पावसाळ्यात कुलदीप डेंग्यूने तीन आठवडे पडून राहिला. बाजारात नवं काही गेलं नाही आणि त्याचे फोटो यादीत मागे मागे सरकू लागले. उशाशी लॅपटॉप घेऊन त्याने मालनबाईंचा फोटो उघडला.

"नक्को रे," निशिगंधा म्हणाली. "गुरुवारचं नक्को त्यात टाकू."

"एकच टाकतो."

फोटोखाली तीस शब्द भरावे लागत. लोक काय शोधतात ते त्याला पाठ होतं. त्याने भराभर लिहिलं: वृद्धा, एकाकी, निराधार, रडणारी. मिरची हा शब्द त्याने लिहिला नाही, कारण मिरची शोधणाऱ्याला रडणारी म्हातारी नको असते.

दिवाळीनंतर मलकपेठेच्या मोठ्या चौकात एका वृद्धाश्रमाचं होर्डिंग लागलं. त्यावर मालनबाई होत्या आणि खाली ओळ होती, 'मुलांनी पाठ फिरवली?'

ज्या गॅलरीने त्याचं पहिलं प्रदर्शन ठरवलं होतं, तिथल्या बाईंनीही ते पाहिलं. न विकलेलीच चित्रं मांडायची अशी त्यांची अट होती. हा फोटो काढून टाका, बाकीचे लावू, असं त्यांनी फोनवर सांगितलं. कुलदीपने फोन ठेवला आणि पांढऱ्या पडद्याला लाथ मारली. लागलं मात्र मागच्या भिंतीला आणि त्याच्या अंगठ्याला.

गुरुवारी तो गोदामात गेला, तेव्हा मालनबाईंचा मुलगा एकनाथराव दारातच उभा होता. आई त्याच्याकडेच राहत होती, त्याच्याच ताटातलं जेवत होती.

"गल्लीत लोक विचारतायत, आईला कधी ठेवलास तिथं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच कुलदीपला जास्त लागलं.

मालनबाई खुडत राहिल्या. "त्या लोकांना कसं वाटलं रे, मी टाकलेली हाय म्हणून?"

खोटं सांगायची सोय होती, पण कुलदीपच्याने ते झालं नाही. "फोटोखाली मीच तसं लिहिलं होतं, मावशी."

"मिरचीनं पाणी आलतं. तुला ठावं नव्हतं का?"

"ठाऊक होतं."

"मग?"

फोटो बाजारातून काढलाय, एवढं तो कसंबसं म्हणाला. होर्डिंग उतरवणं काही त्याच्या हातात नव्हतं. काय करावं न सुचून त्याने नेहमीच्या सवयीने कॅमेरा वर उचलला.

"थांब," मालनबाई म्हणाल्या. "आता ह्याच्या खाली काय लिहिणार, ते आधी सांग. मग काढ."

बाकीच्या बायकांचेही हात थांबले. फोटो दिसला की ज्याला चुटकीसरशी तीस शब्द सुचत, त्या कुलदीपने कॅमेरा खाली घेतला. तोंडाशी येणारा प्रत्येक शब्द कुणीतरी शोधून विकत घेईल असाच होता, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

मालनबाईंनी पुढची मिरची उचलली. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान वळवली आणि डोळे खांद्याला पुसले, अगदी त्या दिवशीसारखे. खिडकीतला उजेडही तसाच पडला होता. कुलदीपने कॅमेऱ्यावर झाकण बसवलं आणि तो बाहेर पडला.