डॉक्टर दारात, रुग्ण घरात!

बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. किस्से मात्र डायरीच्या मागच्या पानांवर साठतच जातात. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका रुग्णवाहिकेनं माझी अर्धी डायरी भरली. डॉक्टर नसरीनताई आणि ड्रायव्हर तात्या, एवढीच टीम!

ओळख भांडणातूनच झाली. अंथुर्ण्यात एक मूल तापानं फणफणलेलं, आणि ताई दारात उभ्या राहून नुसत्या बघतायत! मी भडकलो. दुसऱ्या दिवशी ठोकली बातमी: 'डॉक्टर दारात, रुग्ण घरात!'

ताईंचा फोन आला. "मोठ्या माणसाला विचारता येतं. लेकराला हात लावला की ते रडतं, मग श्वास कसा मोजू? म्हणून आधी लांबून बघते. श्वास, रंग, आईकडं लक्ष आहे का. आणि रडणाऱ्या पोराची मला भीती नसते हो, गप्प पडलेल्याची असते."

"कारण झकास आहे!" मी म्हणालो. खुलासा काही छापला नाही.

इंदापूरच्या बाजारात एका अडत्याच्या छातीत दुखायला लागलं. "कधीपासून?" ताईंनी विचारलं. गड्यानं थेट पोराच्या लग्नापासून सुरुवात केली!

पुढचा कॉल चार वर्षांच्या मुलीचा. "कुठं दुखतंय?" तिनं बाहुलीचा पाय दाखवला. ताईंनी गंभीरपणे बाहुली तपासली. मग मुलीनं आपणहून स्वतःचा पाय पुढं केला.

कळसला ताईंना पोराचं वजन हवं होतं. लहानांचा डोस किलोवर ठरतो. आबांनी नातू उचलला, जरा झुलवला.

"साडेबारा किलो!"

"आबा, अंदाज नको."

"अंदाज न्हाय, बाई. निम्मी हयात कोकरं उचलण्यात गेली!"

दवाखान्यातला काटा साडेबारावर थांबला.

गेल्या महिन्यात माझ्याच नातवाला तापात झटका आला. झटका थांबला, पण पोर निपचित. डोळे अर्धवट, हाक मारली तरी हूं नाही. रुग्णवाहिका आली. ताई दारात क्षणभर थांबल्या, बघितलं, आणि धावल्या. मी, आयुष्यभर कुणापुढं गप्प न बसलेला माणूस, गुमान मागं जाऊन बसलो.

बारामतीच्या अलीकडं पोरानं ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला आणि असं भोकाड पसरलं की सायरन ऐकू येईना! सून "उगी, उगी" म्हणत थोपटायला लागली.

मी ओरडलो, "रडू दे गं त्याला!"

तात्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"साहेब, तुमीबी रडताय व्हय? मग बरं हाय!"