मिलोची पंगत

दुष्काळात अंबडच्या रेशन दुकानात मिलो आला, तेव्हा मी विशीतली होते आणि स्वतःला मोठी पुढारीण समजत होते. मिलो म्हणजे परदेशातली तांबडी ज्वारी. आमच्या म्हशीनं ती हुंगलीसुद्धा नसती. पण म्हशी छावणीला गेल्या होत्या, चव घ्यायला आम्हीच उरलो होतो.

"माल संपत आला," अशी हूल कुणीतरी उठवली आणि बायांचा लोंढा दुकानावर धडकला. माझी थोरली जाऊ, दिवस भरत आलेली, सगळ्यात पुढे. ती दुकानाच्या फळ्यांना चेपली गेली. "मला बाहेर काढ गं," ती ओरडत होती. आणि मी काय करावं? दगड उचलला. दगडानं जाऊ कशी निघणार होती, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. पण हातात दगड असला की डोकं चालवल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात फौजदार आला. पोट पुढं, टोपी मागं. त्याच्या शिपायांनी काठ्या उगारल्या, तसे आणखी दोघीचौघींनी दगड घेतले. ते बघून तो शिपायांना म्हणाला, "काठ्या लिंबाखाली ठेवा जल्दी. तुमच्यामुळं दगड वाढून राह्यले." मग आम्हाला म्हणाला, "रांग लावा."

लावली की रांग. प्रत्येकीनं आपली वेगळी, आणि तीत पहिली तीच.

त्यानं घसा खाकरला. "बरं, रांग राहू द्या. पंगत धरा. मागून वाढत येतो. वाढून होईस्तोवर कुणी उठायचं न्हाई."

मागून वाढणार म्हटल्यावर पुढं रेटायचं कशाला? मागच्या बाया फतकल मारून बसल्या. रेटा सैल पडला. अक्का, म्हणजे जाऊ, फळीवेगळी होणार तोच मी तोंड उघडलं. आम्ही बौद्ध. गावाच्या पंगतीला आमची पानं कायम शेवटी, तीही लांब उकिरड्याकडं.

"पंगत म्हंजी आमी शेवटी का?" मी कडाडले. आमच्यातल्या बसलेल्या बाया पुन्हा उठू लागल्या. अक्काचा चेहरा परत फळीला लागला.

फौजदार शांतपणे म्हणाला, "इथं एकच नियम. जी उभी, ती शेवटी."

सगळ्या पटापट बसल्या. अक्का भिंतीला धरून बाहेर आली, सावलीत टेकली आणि मला म्हणाली, "बस की मुडदे." बघते तर अख्ख्या मैदानात मी एकटी उभी, हातात दगड.

"उभीच हाईस तर वाढ," म्हणत त्यानं माझ्यापुढं माप धरलं. "दगड ठेव. वाढप्याच्या हाताला शोभत न्हाई."

मी वाढू लागले. आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी एक जमीनदारीण पंगतीत होती. तिनं मापाकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, पदर पसरला. मी पंगतीच्या रिवाजानं आग्रह केला, "लाजू नका, पोटभर घ्या."

"वाढ बाई मुकाट्यानं," ती म्हणाली.

वाढपी शेवटी जेवतो. माझ्या वाट्याला पोत्याच्या तळची झाडण आली. संध्याकाळी अक्का पाय पसरून सूप घेऊन बसली, एक हात पोटावर, दुसऱ्यानं खडे वेचत.

"दगड फेकला न्हाईस, बरं केलंस," ती म्हणाली. "सगळे घरी घेऊन आलीस."