देवमासा बाजूला झाला

जेद्दाच्या किनाऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळी लोक कोळशावर कोंबडी भाजतात, पोरं सायकली फिरवतात आणि मी दुर्बीण घेऊन समुद्राकडे बघत बसतो. मुलगी वैतागून म्हणते, "अब्बा, देअर इज नथिंग देअर." तिचं खरं आहे. हंपबॅक देवमासे दरवर्षी समुद्रच्या समुद्र पार करतात म्हणे, पण तांबड्या समुद्रात चुकूनमाकून एखादाच शिरतो. मी एक पाहिलाय. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

माझे वडील रत्नागिरीकडचे तांडेल. मच्छीमार बोटीचं सुकाणू त्यांच्या हातात असायचं. मी शाळेत असताना एका पहाटे त्यांची बोट कशावर तरी आदळली. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा असलेला त्यांचा धाकटा भाऊ, माझा चाचा, पाण्यात फेकला गेला आणि सापडलाच नाही. "देवमासा आडवा आला," वडील म्हणाले. बाकीचे खलाशी खाली होते, कुणीच काही पाहिलं नव्हतं. गावानं ऐकून घेतलं आणि वडिलांची पाठ वळताच कुजबुज सुरू झाली, की तांडेलाला डुलकी लागली असणार.

वडिलांनी समुद्र सोडला, शब्द सोडला नाही. चाची ईदला शिरखुर्मा पाठवायची, पण त्यांच्यासमोर कधी बसली नाही. एकदा माफी मागून टाका, असं लोक सुचवायचे. "चूक नाय तर माफी कसली?" हेच उत्तर, जवळजवळ तीस वर्षं. आणि मी? चारचौघांत बापाची बाजू घ्यायचो, मनातून मात्र गावाच्याच बाजूला होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

ते व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले तेव्हा बोटीवर न्यायची अक्कल माझीच. म्हटलं, समुद्राशी एकदाचा समेट होऊन जाईल. तटरक्षकांना इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आणि पासपोर्ट दाखवून आम्ही सकाळीच निघालो. बोटीचा कॅप्टन येमेनी होता. बायको आणि मुलगी बोट लागून केबिनमध्ये आडव्या झाल्या. वडील नाळेकडे पाठ करून तसबीहचे मणी ओढत बसले, मी त्यांच्यासमोर.

अर्ध्या तासाने कॅप्टन ओरडला, "हूत! हूत!" आणि त्याने सुकाणू एवढ्या जोरात फिरवलं की बोट एका बाजूला कलली.

वीस वर्षं इथे काढूनही माझी अरबी ऑफिसची आणि भाजीवाल्याची. खलास, यल्ला, बुकरा. मासा म्हणजे समक, एवढं ठाऊक होतं.

"काय बोलतो तो?" वडिलांनी घाबरून विचारलं.

"भूत भूत म्हणतोय," मी शहाणपणा केला. "आपल्या लोकांत राहून हिंदी शिकलाय, चेष्टा करतोय. वळून बघू नका."

त्यांनी माझं ऐकलं. डोळे मिटून पुटपुटत राहिले. आणि त्यांच्या पाठीमागे, बोट सरळ गेली असती तर जिथे असती तिथे, ती काळी पाठ वर आली. लांबलचक पांढरा पर पाण्यातून वळला. कुजक्या मासळीच्या वासाचा फवारा उडाला. मग शेपटी उभी राहिली आणि गेली. खिशातून फोन काढेपर्यंत पाणी सपाट झालं होतं. हूत म्हणजे देवमासा. लहानपणी मदरशात पाठ केलेल्या आयतींमध्ये हा शब्द कितीदा म्हटला होता, अर्थ कधी विचारला नव्हता.

"बाबा, देवमासा! तुमचा देवमासा! मी पाहिला!" मी त्यांचे खांदे धरून ओरडलो. मला रडू फुटलं होतं.

ते वळले. पाण्याकडे बघत राहिले. तसबीह हातातून खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. मला वाटलं, आता यांना काहीतरी होणार. म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "घाबरू नका, गेला तो. आपल्याला बघून स्वतःच बाजूला झाला."

"स्वतः झाला?"

"हो. शहाणं जनावर."

धक्क्यावर उतरताना वडील म्हणाले, "तो बाजूला होतो तर. मग माज्या बोटीला कसा लागला?"

मी हादरलो. सगळं खरं सांगितलं. कॅप्टनने बोट वळवली म्हणून वाचलो, देवमासा तसूभरही हलला नव्हता. कॅप्टनला बोलावलं, त्याने हातवारे करून दाखवलं. वडील समजूतदारपणे हसले. "आता माजी समजूत काडू नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर त्यांनी मला गावी चाचीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मी टाळाटाळ केली, तर त्यांनी मुलीकडून लावून घेतला. "बाय," ते म्हणाले, "माजा डोळा लागला आसंल. माफ कर."

चाचीने पदर तोंडाला लावला. बराच वेळ ती रडत होती. मग म्हणाली, "माफ केला, भाई. मी येवड्याचीच वाट बगत होते."

त्या कॉलमध्ये तिचा चेहरा इतका हलका झाला होता, की मी दारातच उभा राहिलो आणि देवमाशाचं काही बोललो नाही.