चालवणाऱ्याचा दोष

माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. लोहाऱ्यापासून सोलापूरपर्यंतचा रस्ता त्यांना तळहातासारखा पाठ होता, आणि उभ्या नोकरीत त्यांच्या हातून कुणाला खरचटलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक पांढरी, नवी कोरी डिझेल गाडी घेतली. बेंबळीत आमच्या दारात ती उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्यावर आईला हळदीकुंकू लावू दिलं, पण काचेला कुणाला बोट लावू दिलं नाही.

महिनाभरात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. खडखडाट नाही, धूर नाही. दिवा मालवावा तसं इंजिन जायचं. जरा थंड झाली की पुन्हा सुरू. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली की ते कॉम्प्युटर लावायचे, ‘दोष आढळला नाही’ असं लिहायचे आणि धुऊन परत द्यायचे.

चौथ्या-पाचव्या खेपेला मी सोबत गेले. तिथला मॅनेजर माझ्याहून लहान असेल. म्हणाला, “काका, तुम्हाला बसची सवय. पाय क्लचवरून काढतच नाही तुम्ही. गाडी दम टाकणारच. जरा चक्कर मारून दाखवा बरं.”

अण्णांनी वर्कशॉपच्या अंगणात चक्कर मारली. मेकॅनिक हातातली कामं टाकून बघत उभे राहिले. गाडी अगदी सुतासारखी चालली.

“बघा, मी बघतोय म्हणल्यावर कशी नीट चालवली!” मॅनेजर म्हणाला. सगळे हसले. अण्णाही हसले.

परतताना ते मला म्हणाले, “माझ्या पायाकडं बघत बस.” मी वाकून त्यांच्या डाव्या पायाकडं बघत राहिले. बेंबळी जवळ आली आणि इंजिन गेलं.

“अण्णा, पाय क्लचवर नव्हता, खालीच होता. मी बघितलंय.”

“तुझं ध्यान नसंल,” ते म्हणाले.

मग तामलवाडीजवळ, हायवेवर, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेताना गाडी बंद पडली. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. अण्णा गाडी कडेला घ्यायला धडपडत होते तोवर मागून टेम्पो येऊन आदळला. अण्णांना काही झालं नाही. मागं बसलेल्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. मी शोरूमला फोन केला तर मॅनेजरनं आधी विचारलं, “पोलिसांनी ड्रायव्हरची चूक लिहिली असेल ना?”

मी धाराशिवला एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं. “बनावटीतच दोष असेल तर गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. शोरूम आणि कंपनी दोघांनाही ग्राहक आयोगात खेचू. पण दोष आहे हे आपण दाखवायचं. ते काहीही म्हणतील. मन घट्ट ठेवा.”

आम्ही तक्रार दाखल केली तेव्हा शोरूम आणि कंपनीनं उत्तर दिलं, तक्रारदार वयस्कर आहे, त्याला आधुनिक गाडी चालवता येत नाही. शिवाय तो भाडं मारतो, धंद्यासाठी गाडी वापरतो, म्हणजे कायद्यानं ग्राहकच नाही. पुराव्याला एक प्रतिज्ञापत्र होतं. ‘तुळजापूरला जाण्यासाठी मी गाडीखर्च दिला.’ खाली सही माझ्या सख्ख्या चुलत्याची.

अण्णा तसेच उठून भावाच्या घरी गेले. मी मागोमाग.

“म्या कधी तुझ्याकडून भाडं घेतलं?”

“भाडं न्हाय,” काका म्हणाले. “पण एकदा डिझेल म्या टाकलं व्हतं का न्हाय? तू नको म्हणलास, तरी टाकलं. आता पोराला शोरूमात लावतो म्हणले, सही केली. तुला काय फाशी व्हणार हाय?” मग आत बघून म्हणाले, “च्या टाका गं.”

अण्णा चहा न घेता निघाले. रस्ताभर एकच बोलले, “डिझेल टाकलं व्हतं, हे खरंय.”

आयोगानं तपासणीसाठी इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक नेमले. त्यांच्यासमोर गाडी सकाळभर धावली, एकदाही बंद पडली नाही. मॅनेजर मोबाईलवर गाणं लावून उभा होता. वकीलबाईंनी अर्ज करून पुन्हा चाचणी मागितली: भर उन्हात, एसी लावून, तुळजापूरच्या घाटात. कंपनीनं विरोध केला, पण आयोगानं परवानगी दिली.

या वेळी स्टेअरिंगवर प्राध्यापक स्वतः होते. शेजारी कंपनीचा माणूस, मागं अण्णा आणि मी. वळणावर इंजिन गेलं. गाडी मागं घसरली. प्राध्यापकांनी हँडब्रेक ओढला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

अण्णा पुढं वाकले. “सर, पाय क्लचवर व्हता का तुमचा?”

“नाही हो.”

“नीट आठवा.”

निकाल आमच्या बाजूनं लागला. एकदा कुणी डिझेल भरलं म्हणून तो धंदा ठरत नाही, गाडीत बनावटीचा दोष आहे, गाडी घेऊन किंमत परत करा. कंपनीवाले अपिलात गेले, तिथंही हरले. वकीलबाईंनी आदेश मराठीत समजावून सांगितला. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून विचारलं, “माझ्या चालवण्याबद्दल काय लिवलंय?”

“काहीच नाही, काका. तुमच्या चालवण्याचा प्रश्नच उरला नाही.”

“पण कंपनीनं लिवलं व्हतं की. मग ह्यांनी का न्हाय लिवलं?”

वकीलबाई फायली आवरायला लागल्या.

गाडी टोइंगवाल्यानं उचलून नेली. काकांच्या पोराला नोकरी मिळाली नाही. काका दारात येऊन ओरडून गेले, की पोराचं वाटोळं अण्णांनी केलं. अण्णांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

आई आता वॉकर धरून घरात फिरते. तब्येत विचारायला आलेल्या बायकांना मी मुद्दाम सांगते, की केस जिंकलो आम्ही, दोष गाडीचा निघाला. आई माझं बोलणं संपू देते. मग म्हणते, “कागदावर काय बी लिवत्यात. माझं हाड ह्यांनीच मोडलं.”

अण्णा ओट्यावरच बसलेले असतात. त्यांना ऐकू चांगलं येतं.