पिवळ्या दोरीचा रस्ता

वजनमापं तपासण्याच्या खात्यात उभी हयात गेली, की माणसाची नजरच वाकडी होते. काटेकाकांची झाली होती. गल्लीने त्यांना हे नाव दिलं ते त्यावरूनच. ते दिसले की भाजीवाली आधी तराजूचं पारडं पुसायची. घरी कुणी "सहज आलो" म्हणत आला, की काका आधी त्याच्या पिशवीकडे बघत.

अशा माणसाच्या घरी एके दिवशी लँडस्केप आर्किटेक्ट आली. बाग आखून देणारी. पाठवलं होतं परगावी राहणाऱ्या मुलाने. "बाबा, मागे नुसतं गवत माजलंय. नीट आखून घ्या. खर्च माझा."

'खर्च माझा' म्हटल्याबरोबर काकांच्या डोक्यात किडा वळवळला. स्वतःच्या घरातल्या गळक्या नळाला चिंधी बांधणारा हा पोरगा! त्याला आईबापाच्या गवताचा एवढा पुळका कशाला? दोन घरं सोडून पलीकडच्याने मागची जागा विकली होती, आणि तिथे आता तीन मजले उभे राहून शेजाऱ्यांच्या ताटात डोकावत होते. काकांचं ठरलं : पोराला मागचा तुकडा विकायचाय. बाग हा नुसता बहाणा.

बाई तिशी-पस्तिशीची, बूट मातीने माखलेले. तिने कागद काढलाच नाही. मागच्या पायरीवर बसून चहा प्यायली आणि विचारत सुटली. सकाळी उठल्यावर आधी कुठे जाता? कपडे कुठे वाळत घालता? संध्याकाळी कोण कुठे बसतं?

काका आत येऊन पुटपुटले, "चोरसुद्धा एवढी चौकशी करत नाही."

"चोराला इथे मिळणार काय? तुमची जुनी वजनं?" काकू म्हणाल्या.

पुढच्या खेपेला बाईने फरशांचे तुकडे आणले, खरखरीत, गुळगुळीत, खाचा पाडलेले. अंगणात मांडले. काका बाहेर आले तर काकू अनवाणी, डोळे मिटून एकेका तुकड्यावर उभ्या, आणि बाई विचारतेय, "ही कळतेय? आणि ही?"

"फरशी कधीपासून पायाने पसंत करायला लागले?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले, बाई फरशा सरळ करायला लागली. काकांना बघून बोलणं तोडणाऱ्या दुकानदारांची त्यांना नोकरीभर सवय. स्वतःच्या बायकोची नव्हती.

नकाशा आला तेव्हा काकांनी चष्मा पुसून घेतला. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून चार कोपऱ्यांना डबे ठेवले होते. बाजूच्या दारापासून एक ऐसपैस रस्ता सरळ मागे जात होता. कुठे पायरी नाही, वळण नाही. कडेने गवती चहा, पुदिना, मोगरा. आणि मागच्या भिंतीत, जिथे आजवर चिमणीला वाट नव्हती, तिथे चक्क फाटक.

"एवढा रुंद रस्ता कशाला?"

"दोघं शेजारी-शेजारी चालावीत म्हणून, काका."

"आम्ही शेजारी चालत नाही. मी पुढे, ही मागे."

"ते बघितलं मी," बाई म्हणाली.

"आणि फाटक?"

"मला ताईकडे जायला. मागच्याच गल्लीत तर राहते. मोठ्या रस्त्याचा वळसा कशाला?" काकू घाईने म्हणाल्या. फारच घाईने.

रुंद रस्ता, स्वतंत्र फाटक. विकत घेणाऱ्याला आणखी काय हवं? काकांनी नकाशाची घडी घातली. छापा घालण्याआधी ते कधी बोलत नसत.

बाईची एक पद्धत होती. खोदकाम एकदम सुरू करायचं नाही. खुंट्या ठोकून, पिवळीधमक दोरी ओढून रस्ता जमिनीवर आखायचा आणि घरच्यांनी काही दिवस त्यातून चालून बघायचं. खटकलं तर दोरी हलवता येते, दगड हलवता येत नाही. काकूंना तर नादच लागला. सकाळ-संध्याकाळ त्या दोऱ्यांमधून जायच्या, मागच्या भिंतीला हात लावून परत यायच्या.

एका सकाळी काकू उठायच्या आत काका बागेत गेले. खुंट्या उपटल्या आणि रस्ता मधूनच लिंबाच्या झाडाकडे वळवून तिथेच संपवला. फाटकापर्यंत जाणारा रस्ताच उरला नाही. हात झटकून ते पायरीवर पेपर घेऊन बसले.

काकू कपड्यांची बादली घेऊन आल्या. नेहमीच्या झपाट्याने, मान ताठ, सरळ. वळणाशी थांबल्या नाहीत. दोरी पायात अडकली, बादली उडाली, आणि काकू ओल्या कपड्यांवर पालथ्या.

काका धावले. "अगं, एवढी पिवळी दोरी! दिसली नाही?"

"नाही," काकू म्हणाल्या. खरचटलेला तळहात तशाच बघत राहिल्या. "काल इथे नव्हती ना."

काका त्यांच्या पायातली दोरी सोडवायला लागले.

"काचबिंदू आहे. समोरचं दिसतं. बाजूचं गेलं, पायाजवळचंही गेलं. गेलेलं परत येत नाही म्हणतात. उरलेलं टिकावं म्हणून थेंब घालते."

"फ्रिजमधली ती बाटली? थंडाव्याची म्हणालीस!"

"डोळे थंडच वाटतात घातल्यावर."

"पोराला ठाऊक होतं?"

"त्यानेच डॉक्टर शोधला."

"आणि त्या बाईला?"

"तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. मी कप ठेवताना टेबलाची कड चाचपली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्ही डॉक्टरला चोर ठरवलं असतं. मग त्याच्या यंत्राला. मग माझ्या डोळ्यांना." काकूंना हसू आलं, पण टिकलं नाही. "रस्ता पायात बसत आला होता हो."

काकांनी त्यांना उठवून पायरीवर बसवलं, तळहात धुतला. मग जुन्या भोकांमध्ये एकेक खुंटी परत ठोकली, ठोकताना दर वेळी वर बघत, काकू बघतायत का म्हणून. त्या बघत होत्या. किती दिसत होतं ते काकांना विचारवेना.

दुपारी आर्किटेक्ट आली. वाकून माती बघितली. लिंबाजवळची नवी भोकं लपत नव्हती.

"खुंट्या कुणी हलवल्या होत्या?"

"मी. ही पडली."

तिने नुसती मान हलवली. तेही काकांना संशयास्पदच वाटलं. मग त्यांनी अंगणातली खाचांची फरशी उचलली, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, चपला काढून उभे राहिले आणि टाच घासून बघितली.

"ही चालेल. ती गुळगुळीत नको. ओली झाली की घात करील."

"बरं. आणि रस्त्याची रुंदी? एवढी कशाला म्हणाला होतात ना?"

काका दोऱ्यांच्या मधोमध गेले. काकू आल्या तसे एका बाजूला सरकले. सवयीने एक पाऊल पुढे पडलं, ते त्यांनी मागे घेतलं. दोघं भिंतीपर्यंत जाऊन आली. काकांचा खांदा सारखा दोरीबाहेर जात होता.

"वीतभर वाढवा," ते म्हणाले. "आणि मोजताना मी हजर असेन."