दोनशे तीसचं लेकरू

आनंदराज सोनकांबळे सरांच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘बहुतेक’. ‘सर, लाइन बहुतेक बंद आहे’ असं एखादा पोरगा चुकून बोलला, की सर त्याला पक्कड खाली ठेवायला लावत आणि दिवसभरासाठी वर्गाबाहेर काढत. चौतीस वर्षं त्यांनी आयटीआयत वायरमनचा ट्रेड शिकवला. आपला एकही पोरगा खांबावर मेला नाही, हे ते लग्नाकार्यातसुद्धा, कुणी विचारलेलं नसताना, सांगत बसायचे.

सरांचा जन्म लोह्याजवळच्या एका खेड्यातला. वडील रामकिशन विजेच्या खांबांचे खड्डे खणायला रोजंदारीवर जात. त्या खांबांवरून गावात लाइट आली, पण बौद्धवाड्यात पोचायला तिला आणखी नऊ वर्षं लागली. म्हणून हा पोरगा वायरमन झाला, असं लिहायचा मोह कुणालाही होईल. खरी गोष्ट अशी, की त्या साली बाकीच्या ट्रेडच्या जागा भरल्या होत्या. हे सर स्वतःच सांगत, कारण कुणी आपल्याबद्दल खोटं चांगलं बोललेलंही त्यांना खपत नसे.

रिटायर झाल्यावर त्यांनी लोह्यात बसस्टँडमागे एक गाळा घेतला आणि झटका मशीन बनवायला सुरुवात केली. झटका मशीन म्हणजे शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं एक डबडं. रोही, म्हणजे नीलगाय, किंवा रानडुक्कर तारेला शिवलं, की सणकून झटका बसतो आणि जनावर पळतं. मरत नाही. ठोका दहा हजार व्होल्टचा असला तरी पापणी लवायच्या आत संपतो आणि त्यात जोर नावापुरताच असतो. घरातल्या दोनशे तीस व्होल्टचं तसं नाही. तो करंट माणसाला धरतो आणि सोडत नाही. मशीन बिघडलं म्हणून एखाद्यानं कुंपणाला सरळ विहिरीवरच्या मोटारीची लाइन जोडली, तर डुक्कर मरतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेला मालकही मरतो. हे सर प्रत्येक गिऱ्हाइकाला मशीन हातात द्यायच्या आधी सांगत, त्याच्याकडून परत म्हणून घेत, आणि मग वहीत त्याचं नाव-गाव-फोन लिहीत.

आता नांदेडची गोष्ट. तिथं वजिराबादेत एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर व्यंकट आणि सुदर्शन ही सरांचीच दोन जुनी पोरं ‘बाजेवरचं टेक्निक’ नावाचा पॉडकास्ट चालवतात. खरीखुरी बाज टाकलेली, तिच्यावर मांडी घालून बसायचं, समोर माइक, आणि मोबाइल, ड्रोन, बॅटरीची गाडी, जे सुचेल त्यावर गप्पा हाणायच्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण ऐकणारे लाखाच्या घरात. माणसं ट्रॅक्टरवर ऐकतात, बाया खुरपताना ऐकतात. सरही ऐकत, आणि दर वेळी कितव्या मिनिटाला काय चुकलं ते व्यंकटला कळवत. शेवटी वैतागून म्हणा की प्रेमानं म्हणा, व्यंकटनं सरांनाच पाहुणे म्हणून बोलावलं.

सर इस्त्रीचा शर्ट घालून, मुद्दे लिहिलेला फूलस्केप घेऊन गेले. व्यंकटनं तो कागद हातातून काढून घेतला. लेक्चर झालं की लोक पळतात सर, आपल्याला नुसत्या गप्पा मारायच्यात, असं तो म्हणाला. गप्पा खरोखरच रंगल्या. अर्ध्या तासानं मशीनचा विषय निघाला आणि व्यंकट म्हणाला, “सर, तुमच्या मशीनीत दहा हजार व्होल्ट, आमच्या घरात दोनशे तीस. म्हंजे घरातली लाइट तुमच्या मशीनीपुढं लेकरूच की ओ.”

“हाव, लेकरूच म्हणा,” सर म्हणाले.

तिघंही पोट धरून हसले. चौतीस वर्षांत सरांचा वर्ग असा एकदाही हसला नव्हता. खरं सांगायचं तर सरांना गोड वाटलं. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, की हे लेकरू माणूस मारतं. पण तेवढ्यात सुदर्शननं फवारणीच्या ड्रोनचा विषय काढला, आणि ड्रोनवरही सरांना पुष्कळ बोलायचं होतं. वाक्य राहून गेलं. राहून गेलं हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. घरी आल्यावर ते बायकोला, पंचफुलाबाईंना, पोरं किती हसली तेच सांगत होते.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी बंद पडलेलं मशीन घेऊन गाळ्यावर आला. दुरुस्तीची घाई नाही म्हणाला. तोवर मोटारीचीच लाइन तारेला जोडणार होता. “तुमीच तर सांगितलाव सर, त्ये लेकरू हाय मनून,” असं म्हणून त्यानं मोबाइल पुढं केला. वीस सेकंदांचा तुकडा. व्यंकटचा प्रश्न, सरांचं उत्तर, हसणं, आणि खाली हसणारी चित्रं. बघणारे एक्केचाळीस हजार.

त्या शेतकऱ्याला सरांनी तासभर समोर बसवून ठेवलं आणि नवं मशीन देऊन पाठवलं. एक माणूस नशिबानं गाळ्यावर आला. बाकीचे एक्केचाळीस हजार कुठं होते?

व्यंकटला फोन लावला, तर तो हसला. हा काय परीक्षेचा पेपर आहे का सर, म्हणाला. लोकांना काय एवढं कळत नाही? त्या दिवशीचा सगळ्यात चाललेला तुकडा तोच आहे, तो काढला तर चॅनेलचा नंबर खाली येतो. फार तर खाली कमेंटमध्ये तुमची दुरुस्ती टाकतो. टाकलीही त्यानं. वरातीमागून घोडं. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कान देतो, कमेंट वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सर नांदेडला जाऊन माडीच्या पायरीवर बसले. पोरांचं रेकॉर्डिंग चाललं होतं. दोन तासांनी व्यंकट खाली आला तेव्हा सरांनी त्याच्यापुढे हात जोडले. ज्या पोराला त्यांनी ‘बहुतेक’ म्हणाला म्हणून तीनदा वर्गाबाहेर काढलं होतं, त्याच्यापुढे. आपलेच दात, आपलेच ओठ, रागवायचं तरी कुणावर? व्यंकट ओशाळला आणि त्यानं तिथंच तो तुकडा काढून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता. तोवर तो लोकांच्या मोबाइलमध्ये उतरला होता आणि गावागावांच्या ग्रुपवर फिरत होता. सरांच्या भावकीच्या ग्रुपवर तर तो ‘आपल्या गावचं भूषण’ असं लिहून आला.

लेकीनं, लुंबिनीनं, मोबाइलवर सरांचं बोलणं रेकॉर्ड करून दिलं. अकरा मिनिटं सर ताठ उभे राहून, फळ्यावर आकृती काढून बोलले. सगळं बरोबर, एक शब्द इकडचा तिकडं नाही. बघणारे त्रेसष्ट, त्यातले निम्मे नात्यातले. लुंबिनी चाचरत म्हणाली, “बाबा, थोडं हसून बोलला असताव तर.” सरांनी वही काढली.

वहीत तीनशे बारा नावं होती. सर चार दिवस सकाळपासून फोन करत राहिले. घसा बसला, जेवणावरचं मन उडालं, पंचफुलाबाई ताट झाकून ठेवून वाट बघायच्या. बहुतेकांनी (हा शब्द आता त्यांच्या मनात सारखा यायला लागला होता) ‘हाव सर, हाव सर’ म्हणून ऐकून घेतलं. देवणीकडच्या माणिकप्पाचा फोन एकदाच लागला. सर, लई भारी बोललाव, एवढं म्हणेपर्यंत तो कटला. नंतर लागेना. सरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून अहमदपूर, उदगीर करत देवणी गाठलं. तिथून रानात जायला जीप मिळेना, म्हणून चालत निघाले.

माणिकप्पाच्या हरभऱ्याला चारी बाजूंनी तार होती. तिच्यातून एक काळी वायर निघून विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत गेली होती. सरांना लांबूनच कळलं. शेतीला या आठवड्यात दिवसाची लाइट होती. वानरं उच्छाद मांडतात म्हणून माणिकप्पानं भर दुपारीसुद्धा करंट चालू ठेवला होता. सर एकसष्टाव्या वर्षी ढेकळांतून पळत सुटले आणि पेटीतला खटका त्यांनी खाली ओढला.

माणिकप्पा झाडाखालून उठून आला. सर इतक्या लांब आले म्हणून त्याला भरून आलं. आधी पाणी, मग चहा. सर म्हणाले, आपण चुकीचं बोललो होतो, ही वायर आत्ताच्या आत्ता तोडा. माणिकप्पानं मान डोलावली, पण त्याला पटलं नव्हतं.

“तवा तर हसत हसत बोललाव की सर. माणूस हसत असला की खरं बोलतंय. आता कुनीतरी दम दिला असंल तुमाला, मनून शब्द फिरवायलाव.”

सरांनी काडीनं मातीत आकृती काढली. ठोका कसा, सलग करंट कसा. माणिकप्पा आदरानं बघत राहिला. मशीन बंद पडून आठ दिवस झाले, दोन डुकरं मेली, मला कुठं काय झालंय, असं त्याचं म्हणणं. तुम्ही म्हणता तर बंद ठेवू, तो म्हणाला. हे ‘ठेवू’ सरांच्या ओळखीचं होतं. मागच्या बाकावरची पोरं असंच म्हणायची. सरांची पाठ वळली की हा माणूस खटका पुन्हा वर करणार होता.

ओरडून झालं होतं, हात जोडून झाले होते, शिकवून झालं होतं. सरांनी पायांतल्या चपला काढल्या, कुंपणाजवळ गेले आणि दोन्ही हातांनी तार घट्ट धरली.

“चालू करा,” ते म्हणाले.

माणिकप्पा हसला. सर हसले नाहीत.

“रोज करताव ना? लेकरू हाय ना त्ये? करा चालू.”

माणिकप्पा पेटीपाशी गेला. त्याचा हात खटक्यापर्यंत पोचला आणि तिथंच थांबला. सर त्याच्याकडे टक लावून बघत होते. आणि हे सांगायला जड जातं, पण त्या क्षणी त्यांना मनापासून वाटत होतं, की यानं तो वर करावा. म्हणजे ते राहिलेलं वाक्य एकदाचं पुरं झालं असतं.

माणिकप्पाला खटका वर करवेना. त्यानं हात मागं घेतला आणि तो विहिरीच्या काठावर मटकन बसला. मग उठला, पेटीतून पक्कड काढली आणि आपल्या हातानं ती काळी वायर तोडली. सरांना बरं वाटलं, असं वाटेल कुणाला. त्यांनी फक्त तार सोडली आणि ते खाली बसले.

माणिकप्पा, सरांकडे न बघता, म्हणाला, “सर, उमाशंकरला बी मीच जोडून दिलंय. माजा मेव्हना. शिरूर अनंतपाळला असतंय. परवाच.”

त्याच्या मोबाइलला रानात रेंज नव्हती. दोघं चढावरच्या देवळापर्यंत धापा टाकत गेले. फोन लागला. बराच वेळ वाजला. उचलणारा उमाशंकर नव्हता. कुणी अनोळखी माणूस होता, आणि तो सरकारी दवाखान्यातून बोलत होता. हा फोन ज्याच्या खिशात मिळाला तो माणूस आज सकाळी शेताच्या तारेला चिकटून गेला, असं त्यानं सांगितलं, आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं. माणिकप्पानं फोन सरांच्या हातात दिला.

“मी आनंदराज सोनकांबळे.”

“मयताचे कोण?”

“काही होत नाही, असं त्याला सांगणारा मीच,” सर म्हणाले.

पलीकडच्या माणसाला ते कळलं नाही. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर सही लागते, नात्यातलं कुणी असेल तर लवकर पाठवा, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.